जखम चेहऱ्यावर, लक्ष डोक्याकडे

रविवारचा दिवस होता. माझा धाकटा भाऊ मुन्ना सायकलवरून घरी येत होता. वळणावर रेती पडली होती. सायकल घसरली आणि मुन्ना तोंडावर पडला. त्याचा ओठ फाटला. नाकातून रक्त वाहू लागले.

आम्ही धावत गेलो. कोणी पाणी आणले, कोणी हळद आणली. सर्वांचे लक्ष रक्ताकडे होते. आमची आपा परिचारिकेचे शिक्षण घेत होती. ती म्हणाली, "त्याला ओढून उठवू नका. पाणीही पाजू नका." रक्त घशात जाऊ नये म्हणून आम्ही त्याचे डोके, मान आणि पाठ एका रेषेत धरून त्याला कुशीवर वळवले. आपाने स्वच्छ रुमाल ओठावर दाबून धरला. मग तिने विचारले, "मुन्ना, आज वार कोणता?"

"शुक्रवार," मुन्ना म्हणाला.

आपा गंभीर झाली. "अब्बा, चेहऱ्याला एवढा मार लागला, म्हणजे डोक्यालाही लागला असेल. उशीर नको."

अब्बांनी १०८ क्रमांकावर फोन केला. रुग्णवाहिकेत मुन्नाला दोनदा उलटी झाली.

रुग्णालयात डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. हातपाय हलवायला सांगितले. मग सी.टी. स्कॅन केला. कवटीच्या आत थोडे रक्त साचले होते. ओठाला टाके त्यानंतर घातले.

डॉक्टर म्हणाले, "चेहऱ्यावरचे रक्त सर्वांना दिसते, कवटीच्या आतले दिसत नाही. काही वेळा रोगी आधी नीट बोलतो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, एक बाहुली लहान व एक मोठी, यांपैकी एक जरी खूण दिसली, तरी रोग्याला ताबडतोब रुग्णालयात आणावे. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव आला, तर कापूस कोंबू नये."

आठ दिवसांनी मुन्ना घरी आला. दारातच आपाने विचारले, "आज वार कोणता?"

"सोमवार!" मुन्ना हसत म्हणाला. अम्मीने डोळे पुसले.

शब्दार्थ
परिचारिका – नर्स
कवटी – डोक्याचे हाड
गुंगी – अर्धवट झोपेसारखी अवस्था
असंबद्ध – मेळ नसलेले

स्वाध्याय
१. आपाने मुन्नाला वार का विचारला?
२. मुन्नाला कुशीवर का वळवले?
३. डोक्याला मार लागल्याच्या चार खुणा लिहा.