श्रीपूरच्या शिवारातून

मुलांनो, रान म्हटले की सह्याद्रीतील घनदाट अरण्येच आपल्या डोळ्यांपुढे येतात. सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील माळशिरस तालुक्यात तसे अरण्य नाही. सह्याद्रीने अडविलेल्या ढगांतले थोडेच पाणी या भागाच्या वाट्यास येते. तथापि येथेही ओढ्याकाठी, बांधांवर आणि माळावर एक निराळी वनश्री आहे. ती पाहावयाची असेल, तर हिवाळ्यातील एखाद्या सकाळी श्रीपूरहून महाळुंगच्या बाजूस पायी निघावे. वाहनातून नुसता रस्ता दिसतो. पायी चालणाऱ्यास मुलूख दिसतो.

प्रथम भेटतो तो ऊस. दोहों बाजूंस उसाचे हिरवेगार फड उभे असतात. कमी पावसाच्या या प्रदेशात एवढे पाणी आले कोठून? त्याचे उत्तर दूर भोर तालुक्यात आहे. तेथे भाटघरला अडविलेले पाणी नीरा नदीत सोडतात आणि नीरेच्या उजव्या कालव्याने ते या शिवारापर्यंत येते. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून कारखाने आले. १९३२ साली सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी जवळच माळीनगर येथे साखर कारखान्याचा पाया घातला. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना श्रीपूरला उभा राहिला. माळरानाचे असे गाव झाले.

फडाच्या कडेस पाचटाच्या कोप्या दिसतात. बीडसारख्या दुष्काळी भागांतून आलेल्या ऊसतोड कामगारांची ती घरे होत. दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे गाव सोडतात आणि हंगाम संपेपर्यंत फडातच राहतात. पहाटेच्या थंडीत कोयते चालू लागतात. आईबाप मोळ्या बांधीत असता तुमच्याच वयाची मुलगी धाकट्या भावास सांभाळीत बसलेली असते. तिची शाळा मागे गावी राहिलेली असते. अशा मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. परंतु प्रत्येक मूल त्यांपर्यंत पोहोचतेच असे नाही. चहात साखर घालताना या मुलीची आठवण आपणांस झाली पाहिजे.

पुढे ओढा लागतो. त्याच्या काठी बाभळींची दाटी असते. बाभूळ दिसावयास साधी, अंगभर काटे ल्यालेली. पण शेतकऱ्यास तिच्यासारखा दुसरा सोबती नाही. तिच्या चिवट लाकडाचे नांगर व गाडीची चाके होत. तिच्या शेंगा शेळ्यामेंढ्या आवडीने खातात, डिंक औषधी असतो, काटक्यांनी दात घासतात आणि काट्यांचे कुंपण होते. पाण्यावर झुकलेल्या तिच्या फांद्यांना सुगरणीची घरटी लोंबत असतात. काट्यांमुळे व खालच्या पाण्यामुळे शत्रूला तेथे सहजी पोहोचता येत नाही. बांधावरचे कडुनिंब आणि चिंचाही अशाच उपकारी आहेत.

ओढ्यापलीकडे महाळुंगच्या बाजूस यमाईचे देऊळ आहे. याच मुलखातून आषाढात तुकाराम महाराजांची पालखी अकलूजहून माळीनगर, श्रीपूरवरून बोरगावास मुक्कामी जाते. त्या दिवशी गावकरी वारकऱ्यांस भाजीभाकरी वाढतात. थकलेले वारकरी वाटेवरच्या निंबाच्या सावलीस टेकतात. ते झाड कोणी लावले, हे बहुधा कोणासच ठाऊक नसते.

जेथे कालव्याचे पाणी चढत नाही, तेथे माळ आहे. कुसळी गवत, बोरी आणि खडक यांखेरीज तेथे काही दिसत नाही. या माळास लोक पडीक म्हणतात. पण अशाच गवताळ माळांवर माळढोक नावाचा मोठा, डौलदार पक्षी राहत असे. सोलापूरजवळ नान्नज येथील त्याचे अभयारण्य १९७९ साली घोषित झाले. तरीही माळ नांगरले गेले, गवत उणे झाले आणि आज महाराष्ट्रात माळढोकाचे दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले आहे. काळवीट, खोकड आणि चंडोल यांचाही आसरा हे गवतच होय. आपण ज्यास पडीक म्हणतो, ते कोणाचे तरी घर असते.

पाण्याने या भूमीला समृद्धी दिली, हे खरे. परंतु ऊस पाणी फार पितो आणि निचऱ्याविना सतत पाणी दिल्यास काळी जमीन खारवून नापीक होते. म्हणून जाणता शेतकरी ठिबकने मोजके पाणी देतो, उसानंतर हरभऱ्यासारखे पीक घेतो आणि बांधावरचे झाड राखतो. ऊस, बाभूळ आणि माळ या तिघांनाही या शिवारात जागा हवी. ती ठेवावयाची की नाही, हे पुढे तुम्हांसच ठरवावयाचे आहे. त्यासाठी आधी आपले शिवार पायी फिरून पाहा.

स्वाध्याय
१. श्रीपूरच्या परिसरात ऊस कशामुळे वाढला?
२. बाभळीचे उपयोग तुमच्या शब्दांत लिहा.
३. ‘आपण ज्यास पडीक म्हणतो, ते कोणाचे तरी घर असते’, या वाक्याचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. आपल्या गावच्या शिवारातील पाच झाडे पाहून त्यांची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवा.