जुने नेटवर्क निरोप घेते तेव्हा : खातेदारांची पूर्वतयारी

खातेदाराची ओळख म्हणून बँकेत एकेकाळी नाव, पत्ता आणि सही यांना जे स्थान होते, त्यांच्या पंक्तीत आज मोबाइल क्रमांक येऊन बसला आहे. खात्यातून रक्कम निघाल्याचा संदेश याच क्रमांकावर येतो. इंटरनेटवरील खरेदीसाठी लागणारा ओटीपी, म्हणजे एकदाच वापरता येणारा सांकेतिक क्रमांक, येथेच येतो. यूपीआयची नोंदणीही याच क्रमांकाशी बांधलेली असते. परंतु हा क्रमांक ज्या दूरसंचार यंत्रणेच्या आधारावर चालतो, ती यंत्रणा चिरंतन नसते. तिच्याही पिढ्या असतात आणि जुनी पिढी कधी ना कधी निवृत्त होते. या निवृत्तीची सूचना बहुधा आगाऊ मिळते. मात्र सूचना मिळणे आणि तयारी होणे यांत जे दिवस वाया जातात, त्याच दिवसांत खातेदाराचा आपल्या पैशाशी असलेला संपर्क तुटण्याचा धोका असतो. म्हणूनच या विषयाचा बँक ग्राहकाच्या दृष्टिकोनातून विचार होणे अगत्याचे आहे.

जुनी यंत्रणा बंद का होते?

भारतातील पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीतील तत्कालीन केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. ती यंत्रणा दुसऱ्या पिढीची, म्हणजे टूजी होती. डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत थ्रीजीचा आरंभ झाला, एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात फोरजी आले आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्हजी सेवेचा शुभारंभ झाला.

या सर्व पिढ्या रेडिओलहरींच्या पट्ट्यांवर, म्हणजेच स्पेक्ट्रमवर चालतात आणि प्रत्येक कंपनीच्या वाट्याला येणारा हा पट्टा मर्यादित असतो. एका वावरात एका वेळी एकच पीक घ्यायचे असेल, तर नवी पेरणी करण्यापूर्वी जुने पीक काढावेच लागते. तसाच हा प्रकार आहे. तेवढ्याच पट्ट्यात फोरजी कितीतरी अधिक माहिती वाहून नेऊ शकते. शिवाय जुनी यंत्रसामग्री सांभाळण्याचा खर्च वाढत जातो. त्यामुळे जुन्या पिढीचे ग्राहक कमी झाले की कंपन्या तो पट्टा मोकळा करून नव्या पिढीकडे वळवतात.

क्रमांक, सिमकार्ड आणि हँडसेट

नेटवर्क बंद होणार असे कळताच 'आपला नंबर जाणार' अशी भीती अनेकांना वाटते. प्रत्यक्षात येथे तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. क्रमांक ही ग्राहकाची ओळख, सिमकार्ड हा त्या ओळखीचा परवाना आणि हँडसेट हे केवळ साधन. नेटवर्कची पिढी बदलते तेव्हा बहुधा साधन बदलावे लागते, काही वेळा परवाना बदलावा लागतो. ओळख बदलण्याचे मात्र सहसा कारण नसते. बँकेतील नोंद क्रमांकाची असल्यामुळे तो टिकवणे हाच पूर्वतयारीचा गाभा होय.

यासंदर्भात आपल्या देशातील अनुभव बोलका आहे. भारती एअरटेलने जून २०१९ मध्ये कोलकात्यापासून थ्रीजी बंद करण्यास आरंभ केला आणि पुढे देशात इतरत्रही हेच धोरण राबवले; टूजी मात्र चालू ठेवले. त्यामुळे साधा फोन वापरणाऱ्यांना फरक जाणवला नाही. थ्रीजी स्मार्टफोनवरही बोलणे आणि एसएमएस टूजीच्या आधाराने चालू राहिले; पण इंटरनेटचा वेग टूजीइतकाच उरला. बँकेच्या परिभाषेत सांगायचे, तर ओटीपी येत राहिला, परंतु ज्या ॲपमध्ये तो भरायचा ते ॲपच अडखळू लागले. उद्या टूजी बंद झाले, तर परिस्थिती उलट होईल. केवळ टूजीवर चालणारा साधा फोन पूर्णपणे मुका होईल आणि त्यावर ना संभाषण होईल, ना ओटीपी येईल.

फोरजी फोन असला म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. फोरजीची रचना मुळात माहितीच्या वहनासाठी झाली आहे. तिच्यावरून बोलण्यासाठी व्होल्टे ही सोय हँडसेटमध्ये असावी लागते. ती नसेल, तर फोन येताच हँडसेट तेवढ्यापुरता टूजी किंवा थ्रीजीवर उतरतो. उतरायला ती पायरीच उरली नाही, तर फोरजी हँडसेट हाती असूनही संभाषण होऊ शकत नाही.

ऑस्ट्रेलियाचा धडा

ऑस्ट्रेलियातील टेलस्ट्रा या कंपनीने थ्रीजी बंद करण्याची घोषणा ऑक्टोबर २०१९ मध्येच केली होती. जून २०२४ अखेरची मुदत होती. म्हणजे ग्राहकांना जवळजवळ पाच वर्षे मिळाली. हँडसेट चालेल की नाही हे पाहण्यासाठी ३४९८ या क्रमांकावर केवळ '३' हा आकडा एसएमएस करण्याची सोपी सोय होती. तरीही मुदत वाढवावी लागली आणि टेलस्ट्रा व ऑप्टस या दोन्ही कंपन्यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून थ्रीजी बंद करण्यास प्रारंभ केला. यामागचे महत्त्वाचे कारण वर सांगितलेल्या पायरीतच होते. काही फोरजी हँडसेट नेहमीचे संभाषण फोरजीवर करीत, पण '०००' या आपत्कालीन क्रमांकासाठी थ्रीजीवर उतरत. हे त्यांच्या मालकांच्या ध्यानीही नव्हते.

या घटनेचा मराठी कुटुंबांशीही संबंध आहे. ऑस्ट्रेलियात टूजी सेवा २०१८ पर्यंतच संपुष्टात आली होती. मुलाकडे वा मुलीकडे चार महिने राहण्यास गेलेल्या आईवडिलांनी भारतातील साधा टूजी फोन रोमिंग चालू करून सोबत नेला, तरी तेथे त्याला नेटवर्क मिळणार नाही. रोमिंगचे पैसे भरूनही भारतातील खात्याचा ओटीपी हाती पडणार नाही. परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांनी तिकिटे आणि औषधे यांच्याबरोबरच व्होल्टेची सोय असलेला हँडसेटही सामानाच्या यादीत लिहून ठेवावा.

बँक व्यवहारात काय अडते?

ओटीपी आणि व्यवहाराचे संदेश यांखेरीज आणखी काही सेवा जुन्या नेटवर्कवर विसंबून असतात. साध्या फोनवर इंटरनेटविना चालणारी *९९# ही सेवा २०१२ मध्ये सुरू झाली. ती मोबाइल नेटवर्कच्याच संदेशप्रणालीवर चालते. ८ मार्च २०२२ रोजी आरंभ झालेली यूपीआय १२३पे ही साध्या फोनसाठीची सुविधाही फोन लागला तरच उपयोगी. निवृत्तिवेतनधारकांचा डिजिटल हयातीचा दाखला, म्हणजेच जीवन प्रमाण, तयार झाल्याची पोच एसएमएसने येते. व्यापारी खातेदारांच्या दुकानातील कार्डयंत्रातही सिमकार्ड असते आणि जुनी यंत्रे टूजीवर चालणारी असू शकतात. सणाच्या गर्दीत यंत्राला नेटवर्क मिळेनासे झाले, तर गिऱ्हाईक थांबत नाही. तेव्हा दुकानदाराने आपले यंत्र कोणत्या पिढीचे आहे, हे शाखेत आधीच विचारून घेणे श्रेयस्कर.

पूर्वतयारीचे टप्पे

१. हँडसेटची तपासणी. फोनच्या सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्क या सदरात फोरजी, एलटीई आणि व्होल्टे हे शब्द आढळतात का, ते पाहावे. साध्या फोनच्या बाबतीत खोक्यावरील मजकूर पाहावा किंवा विक्रेत्याला विचारावे. फोरजीवर चालणारे साधे बटणांचे फोनही बाजारात मिळतात. केवळ यासाठी महागडा स्मार्टफोन घेण्याची गरज नाही.

२. सिमकार्डची बदली. जुने सिमकार्ड फोरजीला चालत नसल्यास कंपनीच्या अधिकृत दुकानात ओळखपत्र दाखवून त्याच क्रमांकाचे नवे कार्ड घ्यावे. नवे सिम चालू झाल्यानंतर सुरक्षेच्या कारणास्तव पहिले २४ तास एसएमएसची देवाणघेवाण बंद ठेवण्याचा नियम आहे. म्हणजेच त्या काळात ओटीपी येणार नाही. कर्जाचा हप्ता, कराचा भरणा किंवा रुग्णालयाचे देयक ज्या दिवशी भरायचे, त्याच्या आदल्या दिवशी सिम बदलू नये.

३. कंपनी बदलायची असल्यास वेळेत बदलावी. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून उपलब्ध आहे. त्यासाठी 'पोर्ट' हा शब्द इंग्रजीत लिहून, पुढे जागा सोडून आपला क्रमांक टाकून १९०० वर एसएमएस करावा लागतो. हा एसएमएस जाण्यासाठी जुने नेटवर्क चालू असणे आवश्यक आहे, हे विसरू नये. रिलायन्स कम्युनिकेशन्सची संभाषण सेवा १ डिसेंबर २०१७ पासून बंद झाली आणि २०१८ च्या आरंभी एअरसेलची सेवा कोलमडली, तेव्हा लाखो ग्राहकांना आपला क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेणे भाग पडले. नेटवर्क असताना जे काम एका एसएमएसने होते, तेच नेटवर्क गेल्यावर दुकानापुढील रांगेत उभे राहूनही होत नाही. सिम बदलल्यानंतर सात दिवस कंपनी बदलता येत नाही, असाही नियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

४. क्रमांक बदलणे अटळ असल्यास आधी बँकेत नोंद करावी. जुना क्रमांक चालू असतानाच शाखेत अर्ज देऊन नवा क्रमांक नोंदवावा. बंद पडलेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. नोंद बदलली नाही, तर आपल्या खात्याचे संदेश अनोळखी माणसाच्या हाती पडण्याचा संभव असतो.

५. यूपीआयची पुनर्नोंदणी. नव्या हँडसेटवर यूपीआय ॲप पुन्हा नोंदवावे लागते आणि त्यासाठी त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो. नोंदणीनंतर प्रथम लहानशी रक्कम पाठवून खात्री करावी. जुना फोन देऊन टाकण्यापूर्वी त्यातील बँकेची ॲप काढून टाकावीत.

बदलाच्या आडून फसवणूक

नेटवर्क बदलाची चर्चा सुरू झाली की ठकसेनांनाही पर्वणी मिळते. 'आपले सिम आज रात्री बंद होणार आहे, फोरजीत रूपांतर करून देतो' असा फोन येतो. पलीकडील व्यक्ती २० अंकी क्रमांक सांगते आणि तो एसएमएसने कंपनीला पाठवण्यास सुचवते. तो क्रमांक असतो तिच्याजवळील कोऱ्या सिमचा. ग्राहकाने स्वतःच संमती दिल्यामुळे त्याचा मोबाइल क्रमांक तिच्या हाती जातो. घरातील फोनचे नेटवर्क एकाएकी जाते. 'बदल चालू आहे, उद्यापर्यंत थांबा' असे सांगितले गेल्यामुळे ग्राहकही निर्धास्त राहतो. सिमची बदली दुकानात स्वतः जाऊन करावी, फोनवरून कदापि करू नये. आपण काहीही केलेले नसताना नेटवर्क गेले, तर दुसऱ्या फोनवरून तत्काळ कंपनीशी आणि बँकेशी संपर्क साधावा. पैसे गेल्याचे आढळल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाचे दायित्व ठरवताना तो बँकेला किती दिवसांत कळवतो, याला मोठे महत्त्व दिले आहे. विलंबाचे मोल येथे रुपयांत मोजावे लागते.

शाखेची भूमिका

ग्राहकाच्या हाती कोणता हँडसेट आहे, हे बँकेच्या संगणकाला ठाऊक नसते. काउंटरवरील कर्मचाऱ्याला मात्र ते समोर दिसते. पासबुक छापून देताना 'हाच नंबर चालू आहे ना?' एवढा एक प्रश्न विचारला, तरी कितीतरी अडचणी टळतील. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी येणाऱ्या ज्येष्ठांपाशी याची चौकशी करण्याची संधी आपसूकच लाभते. सूचनाफलकावरील मजकूर तांत्रिक शब्दांत न लिहिता 'फोन चालेल का, सिम चालेल का, नंबर तोच राहील का' या तीन प्रश्नांच्या स्वरूपात लिहावा. जे ग्राहक शाखेपर्यंत येऊ शकत नाहीत, त्यांच्या गावी जाणाऱ्या बँक मित्रालाही हे तीन प्रश्न शिकवावेत.

खेड्यातील एखादी विधवा निवृत्तिवेतनधारक दरमहा पहिल्या आठवड्यात फोनवरील संदेशाची वाट पाहत असते. तो आला की मगच ती एस.टी.चे भाडे खर्चून तालुक्याला बँकेत जाते. तो संदेश न येण्याची कारणे तिला कळणार नाहीत. पेन्शनच बंद झाली, असे ती समजेल. यंत्रणेच्या पिढ्या बदलत राहतील आणि त्यांच्या तारखा कंपन्या ठरवतील. त्या तारखेपूर्वी तिच्या हाती चालणारा फोन आणि बँकेत तिचा योग्य क्रमांक आहे की नाही, हे पाहण्याचे काम तिच्या घरच्यांचे आहे आणि तितकेच शाखेचेही आहे.