आम्हाला विचारलं होतं, असं कागद सांगतो

आमच्या गावाच्या विकास आराखड्याला माझी सही जोडलेली आहे. त्यातलं एकही काम मी मागितलेलं नाही, आणि जे मागितलं ते त्यात नाही. तरी तालुक्याला विषय काढला की उत्तर तयार असतं, "ग्रामसंघाच्या अध्यक्षांची सही आहे की!" बचत गटांच्या ग्रामसंघाची अध्यक्ष मीच, पण ती सही हजेरीची आहे. पानाच्या वर 'उपस्थिती' असं लिहिलेलं वाचूनच मी ती केली. त्या पानाला नंतर काय टाचलं गेलं, हे मला विचारून टाचलेलं नाही.

आम्ही घाटाखालचे, खारपाणपट्ट्यातले. जमिनीखालचं पाणी खारट, त्यामुळे विहिरी-बोअरच्या भरवशावर बागायत होत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी जमीन आणि वरचा पाऊस, एवढ्यावर तूर, हरभरा, कपाशी. तूर निघाली की खामगाव नाहीतर अकोल्याच्या बाजारात जाते आणि डाळ होऊन आमच्याच दुकानात चढ्या भावाने परत येते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गटांना झेपेल अशी पीकेव्ही मिनी दाल मिल तयार केलेली आहे. बायकांचं म्हणणं साधं होतं: पंचायतीच्या पडीक जागेत एक शेड, डाळ वाळवायला ओटा आणि थ्री फेज वीज. मशीनचं आम्ही बघू.

आराखड्याच्या तयारीसाठी एक साहेब नेमले होते. गोड बोलणारे. 'आमचा गाव, आमचा विकास' म्हणजे काय, हे त्यांनी देवळाच्या ओट्यावर फार सुंदर समजावलं. २०१५पासून हा उपक्रम आहे, आराखडा वरून येत नाही, तुमच्यातून वर जातो, असं सांगितलं. मग शिवारफेरी झाली, बायकांनी रांगोळीने गावाचा नकाशा काढला. नाला निळ्या रंगात, पडीक जागा पिवळ्या रंगात, त्यावर शेडचा चौकोन. साहेब म्हणाले, "ताई, असा सहभाग मी जिल्ह्यात कुठे पाहिला नाही." फोटो काढले. एवढ्यावर थांबलो नाही आम्ही. शेडची लांबी-रुंदी, विजेचा भार, किती घरांची तूर येईल, हे सगळं लिहून ग्रामसंघाच्या आराखड्यात, म्हणजे आमच्या भाषेत व्हीपीआरपीत, घातलं. तो ग्रामपंचायतीच्या आराखड्यात मिसळायचा असतो.

मिसळला. कसा, ते पुढे कळलं.

पुतण्या खामगावला शिकतो. सुटीत घरी आला होता. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणत्याही गावाचा मंजूर आराखडा कोणालाही पाहता येतो, हे त्याने सांगितलं. साहेबांनी एवढं बोलून हे मात्र सांगितलं नव्हतं. आमच्या गावाची यादी इंग्रजीत होती. तो एकेक ओळ मराठी करून वाचत गेला. पेव्हर ब्लॉक. हायमास्ट दिवा. पुन्हा पेव्हर ब्लॉक, दुसऱ्या गल्लीत. स्मशानभूमीचं शेड. शेड म्हटल्यावर आम्ही सगळ्या पुढे सरकलो, तर ते मेलेल्यांचं निघालं. एक जण म्हणाली, "आपलं कोण्या पानावर हाये रे?" तो खाली खाली जात राहिला. शेवटी एक ओळ सापडली: महिलांसाठी प्रशिक्षण, एक दिवस. आमच्या दाल मिलचं एवढंच उरलं होतं.

जोडलेला अहवाल नंतर पंचायतीतून मिळवला. त्यात रांगोळीचा फोटो पानभर आहे, आम्ही सगळ्या हसतोय, खाली लिहिलंय 'महिलांचा उत्स्फूर्त सहभाग'. पिवळ्या जागेवरचा चौकोनसुद्धा स्पष्ट दिसतो.

साहेबांना गाठलं. ते अजिबात गडबडले नाहीत. "ताई, तुमच्या भावना आम्ही वरपर्यंत पोहोचवल्यात." आम्ही विजेचा भार लिहून दिला होता, भावना कधी दिल्या? मग त्यांनी खरं कारण सांगितलं. पंधराव्या वित्त आयोगाचे ६० टक्के पैसे बंधित होते, ते पाणी आणि स्वच्छतेलाच लागायचे. उरलेल्या ४० टक्क्यांत बाकी सगळं गाव. हे त्यांना पहिल्या दिवशी माहीत होतं. मला राग आला तो याचा. पिशवीत किती पैसे आहेत हे लपवून कोणी बाजाराची यादी करायला लावतं का? गावाला किती येणार, त्यातलं मोकळं किती, हे ओट्यावर सांगितलं असतं तर आम्ही मागणी त्या मापात कापली असती. बायका रोज तेच करतात.

वरच्या पातळीवर वेगळं काही नाही. जिल्हा नियोजन समितीत चार पंचमांश सदस्य निवडून आलेले असावेत, असं राज्यघटना सांगते. पण २०२२च्या मार्चपासून आमच्या जिल्हा परिषदेवर प्रशासक आले. मग आमच्या जिल्हा परिषद गटाचा सदस्य समितीच्या बैठकीला जाणार होता कुठून? २०२५च्या जून-जुलैत 'विकसित महाराष्ट्र २०४७'साठी नागरिकांचं सर्वेक्षण झालं, क्यूआर कोड आला, तोही मी भरला. २०४७चं मला विचारतात. येत्या मार्चचं कोणी विचारत नाही.

आता ज्या बायांना, तरुणांना अशा सभेला बोलावणं येईल त्यांच्यासाठी. पहिला प्रश्न पैशाचा: यंदा गावाला किती, बंधित किती, अबंधित किती, मागच्या वर्षीचं शिल्लक किती. हे सांगितल्याशिवाय रांगोळीला हात लावू नका. सही कराल त्या पानावर सहीच्या खाली आडवी रेघ मारा आणि 'फक्त हजेरीसाठी' असं स्वतःच्या हाताने लिहा. साहेब नाराज होतात, होऊ द्या.

मागणी एकगठ्ठा देऊ नका, तिचे तुकडे करा. आमचं काम यातच अडलं होतं, असं आता कळतंय, आणि सांगायला पगारी माणूस असताना ते आम्ही स्वतः शोधून काढलं. जागेसाठी ग्रामसभेचा ठराव. विजेसाठी महावितरणकडे अर्ज. मशीनसाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना, जिच्यात कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान आहे आणि बचत गटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल मिळतं. तुमचं गाव पोकरा या कृषी प्रकल्पात असेल तर कृषी विभागाचं दार वेगळं आहे. आराखड्यात मागायचं ते फक्त शेडचं. लहान मागणी नाकारायला कारण शोधावं लागतं.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते: १५ टक्के मतदार किंवा १००, यांतलं जे कमी. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. पहिल्या दिवशी लोक घरी गेले की दुसऱ्या दिवशी पाच-दहा जणांत गावाचं वर्षभराचं ठरतं. म्हणून तहकुबीची तारीख विचारून घ्या आणि त्या सभेला जाच. महिला सभेचा ठराव वेगळा लिहून मागा, 'चर्चा झाली' असं नको. कोणी मागणी केली, जागा कुठली, हे शब्द त्यात हवेत. एकी ठेवा, तरुणांना पुढे करा, हेही आहेच. सगळे सांगतात म्हणून मीही सांगते. आमच्याकडे एकी होती, काही झालं नाही.

जिल्ह्याचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात तयार होतो, कमाल मर्यादा मुंबईहून ठरून येते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेतला ठराव दिवाळीआधी गटविकास अधिकारी आणि ज्या खात्याचं काम त्या खात्याकडे, दोन्हीकडे पोहोचला पाहिजे. कामाचा पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येईल ते विचारा. रस्त्याचं ३०५४ गावातल्या पोरालाही पाठ असतं, तुमच्या शेडचं कोणीच सांगणार नाही. न सांगितलं तर माहितीच्या अधिकारात १० रुपये लावून अर्ज टाका, ३० दिवस मोजा. आणि पोच घ्याल तेव्हा शिक्क्यावरची तारीख तिथेच उभं राहून वाचा. आम्हाला दिलेल्या पोचेवर शिक्का आहे, सही आहे, तारखेची जागा तेवढी कोरी आहे.