टंचाईकाळ आणि घरची बाग

धाराशिव जिल्ह्याने १९७२ चा आणि २०१५-१६ चा दुष्काळ सोसला आहे. टंचाईत घरापुढील हिरवळीला पाणी देणे ही केवळ खाजगी हौस राहात नाही. १०० चौरस मीटर हिरवळीवर ५ मिलिमीटर पाणी शिंपडल्यास ५०० लिटर खर्च होतात. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर प्रमाणाने हे नऊ जणांचे एका दिवसाचे पाणी होय. कूपनलिका स्वतःची असली, तरी ती बहुधा गावच्या विहिरीच्याच भूजलसाठ्यातून उपसा करते. म्हणून हिरवळ सुकू द्यावी. फळझाडे मात्र स्नानाच्या सांडपाण्यावर, बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन करून जगवावीत. हरळी पावसाने पुन्हा फुटते. वाळून गेलेला आंबा फुटत नाही. हा नियम पंचायतीने प्रथम कार्यालयाच्या आवारात पाळावा.