पासवर्ड बरोबर आहे, तरी संगणक आत घेत नाही? फॉरमॅट करण्याआधी हे वाचा



जून महिना, कॉलेज प्रवेशाची गर्दी. सकाळी दुकान उघडलं, अगरबत्ती लावली आणि काउंटरवरचा संगणक चालू केला. त्यावर लिनक्स मिंट आहे. पासवर्ड टाकला, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि परत तीच पासवर्ड विचारणारी खिडकी! पुन्हा टाकला, पुन्हा तेच. समोर सात-आठ मुलं फॉर्म प्रिंट करायला उभी.

ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, उडालंय. फॉरमॅट मारावं लागेल, संध्याकाळी येतो." माझ्या पोटात गोळा आला, कारण त्याच संगणकात तीन वर्षांची उधारीची शीट होती आणि तिची दुसरी प्रत नव्हती. हो, मी लोकांना व्यवसाय शिकवतो आणि माझ्याच दुकानात बॅकअप नव्हता!

शेवटी फॉरमॅट करावं लागलं नाही. बिघाड वीस मिनिटांत सुटला, पण त्याआधीचे दोन तास घाबरण्यात गेले. तुमचे ते दोन तास वाचावेत म्हणून आजचा धडा.

पहिली गोष्ट: दार अडकलंय, घर जळालेलं नाही

लॉगिनची खिडकी दाखवणारा प्रोग्राम वेगळा, डेस्कटॉप वेगळा आणि तुमच्या फायली वेगळ्या. मिंटमध्ये ती खिडकी दाखवण्याचं काम लाइटडीएम नावाचा प्रोग्राम करतो. तो पासवर्ड तपासतो आणि डेस्कटॉप सुरू करायला सांगतो. डेस्कटॉप सुरू होता होता कोसळला, की लाइटडीएम तुम्हाला परत दारात आणून उभं करतो. फायली सहसा जागच्या जागी असतात.

म्हणून आधी नीट बघा, नेमकं काय होतंय:

१. "पासवर्ड चुकीचा" असा संदेश येतो. मग अडचण पासवर्डची किंवा कीबोर्डची. कॅप्स लॉक बघा. आपण मराठी टायपिंगसाठी देवनागरी कीबोर्ड जोडलेला असतो, तर लॉगिनच्या वेळी कीबोर्ड इंग्रजीवर आहे ना, तेही बघा.

२. संदेश काहीच नाही, स्क्रीन काळी होते आणि परत तिथेच. मग पासवर्ड बरोबर आहे, डेस्कटॉप उघडत नाहीये. माझं हेच झालं होतं. पुढचा धडा यासाठी.

मागच्या दाराने आत जा

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ ही तीन बटणं एकत्र दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन पण दाबावं लागतं. काळी स्क्रीन येईल आणि युजरचं नाव विचारेल. नाव टाका, एंटर, मग पासवर्ड. इथे पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, त्यामुळे कीबोर्ड बंद पडला असं समजू नका. इथून आत गेलात की पासवर्ड बरोबर असल्याचं पक्कं झालं. परत लॉगिनच्या खिडकीकडे यायला मिंटमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ७.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा आणि वजाचिन्हाच्या आधी एक जागा सोडा. व्हिडिओत प्रत्येक कमांड स्क्रीनवर दिसेल.

कारण १: डिस्क भरली

"डीएफ -एच" टाइप करा. यादीत ज्या ओळीच्या शेवटी नुसती तिरपी रेघ आहे, ती तुमची मुख्य डिस्क. तिथे १०० टक्के दिसलं तर चोर सापडला.

आता प्रश्न पडेल, डिस्क भरली तर लॉगिनची खिडकी तरी कशी आली? लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल-पद्धत साधारण ५ टक्के जागा मूळ प्रशासकासाठी, म्हणजे रूटसाठी, राखून ठेवते. लाइटडीएम रूटच्या अधिकारात चालतो, त्याचं भागतं. तुमच्या डेस्कटॉपला मात्र सुरू होताना छोट्या फायली लिहायच्या असतात आणि त्याला जागाच उरलेली नसते.

माझी १२० जीबीची डिस्क दोन गोष्टींनी भरली होती: गिऱ्हाइकांचे जुने स्कॅन आणि टाइमशिफ्टच्या प्रती. टाइमशिफ्ट मिंटसोबतच येतो आणि सिस्टिमच्या प्रती काढून ठेवतो. त्या त्याच डिस्कवर ठेवल्या तर हळूहळू जागा खातात.

आधी "सुडो एपीटी क्लीन" चालवा. डाउनलोड होऊन पडलेली इन्स्टॉलेशनची पाकिटं निघून जातात, तुमच्या फायलींना धक्का लागत नाही. मग "सुडो टाइमशिफ्ट --लिस्ट" ने प्रतींची यादी बघा आणि "सुडो टाइमशिफ्ट --डिलीट" ने सगळ्यात जुनी काढा. थोडी जागा झाली की "सुडो रिबूट". माझा संगणक इथेच उघडला.

कारण २: किल्लीची फाइल दुसऱ्याच्या नावावर

तुमच्या होम फोल्डरमध्ये डॉट एक्सऑथॉरिटी नावाची लपलेली फाइल असते. यात एक्स मोठ्या लिपीतला. स्क्रीन वापरण्याची परवानगी त्यात असते. कधी सुडो लावून खिडकीवाला प्रोग्राम चालवला, तर ही फाइल रूटच्या नावावर जाऊ शकते. मग स्वतःच्याच घराची किल्ली शेजाऱ्याच्या खिशात!

"एलएस -एल" आणि पुढे फाइलचं नाव टाका. तुमच्या नावाऐवजी दोनदा रूट दिसलं तर "एमव्ही", जुनं नाव आणि एखादं नवं नाव देऊन फाइल बाजूला करा. पुसू नका, नुसतं नाव बदला. पुढच्या लॉगिनला नवी फाइल आपोआप तयार होते.

कारण ३: अपडेटनंतर ग्राफिक्स रुसलं

काल अपडेट केलं आणि आज उघडत नाही, असं असेल तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर, विशेषतः एनव्हिडियाचं कार्ड असेल तर. लॉगिनच्या खिडकीत नावाजवळच्या छोट्या चिन्हावर क्लिक करून "सिनॅमन, सॉफ्टवेअर रेंडरिंग" निवडून बघा. चुकून दुसराच डेस्कटॉप निवडला गेला असेल, तर तेही इथेच कळतं. जमलं नाही तर संगणक पुन्हा चालू करा आणि सुरुवातीला शिफ्ट धरून ठेवा. नव्या यूईएफआयच्या मशीनवर एस्केप दाबावं लागतं. ग्रबचा मेनू येईल. त्यात अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. दुकान आज चालू होईल, ड्रायव्हरचं रात्री बघू.

काहीच नाही जमलं तर?

तरीही थेट फॉरमॅट नाही. मिंटच्या पेनड्राइव्हवरून संगणक चालू करा, डिस्क उघडा आणि तुमचा होम फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिचा पासवर्ड लागेल. आधी माल बाहेर, मग दुरुस्ती. आणि दुरुस्तीवाला आला की त्याला पहिला प्रश्न विचारा: "माझ्या फायली कॉपी केल्या का?" तो चांगला माणूस असेल, पण उधारी तुमची अडकली आहे, त्याची नाही.

आता व्यवसायाचं गणित

समजा दिवसाचा गल्ला ५००० रुपये आणि दुकान १० तास उघडं. एक तास बंद म्हणजे ५०० रुपयांची विक्री थांबली. पेनड्राइव्हची किंमत यापुढे किती? आणि उधारीची वही गेली तर तिचा हिशोबच करता येत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. टाइमशिफ्ट आहे म्हणजे बॅकअप आहे, असं मलाही वाटायचं. टाइमशिफ्ट सिस्टिम जपतो. तुमच्या होम फोल्डरमधली बिलं, शीट, फोटो तो मूळ सेटिंगमध्ये जपत नाही. त्याची सोय आपणच करायची.

या रविवारचा गृहपाठ

- मिंटचा पेनड्राइव्ह तयार करून गल्ल्यात ठेवा.
- हिशोबाचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि ती डिस्क घरी न्या.
- टाइमशिफ्टला जास्तीत जास्त दोन-तीन प्रतींची मर्यादा घाला.
- महिन्याच्या पहिल्या तारखेला डिस्कमध्ये किती जागा उरली ते बघा.
- कंट्रोल, ऑल्ट, एफ३ आत्ताच एकदा दाबून बघा. संगणक नीट चालू असताना सराव केला, की गर्दीत हात थरथरत नाहीत.

माझी उधारीची शीट त्या दिवशी वाचली. त्याच संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी मी तिची प्रत काढली, आणि आता रोज काढतो. गल्ला मोजल्याशिवाय आपण शटर ओढत नाही ना? मग हेही त्यातच धरा.

भेटूया पुढच्या धड्यात.