घरसामान समुद्रमार्गे पाठविताना

परदेशी स्थायिक होणारे कुटुंब घरसामान जहाजाने पाठविते, तेव्हा भाड्याची चौकशी कसोशीने होते. जोखमीचा विचार मात्र क्वचितच होतो.

मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले. सुटकेनंतर जहाजमालकांनी ‘जनरल ॲव्हरेज’ घोषित केले. जहाज व माल वाचविण्यासाठी करावा लागलेला असाधारण खर्च सर्व संबंधितांनी आपापल्या मालमत्तेच्या मूल्याच्या प्रमाणात सोसावा, असे हे सागरी व्यवहारातील प्राचीन तत्त्व आहे. ज्याच्या सामानाला ओरखडाही उमटला नाही, त्यालाही हा वाटा चुकत नाही. हमी दिल्याखेरीज माल ताब्यात मिळत नाही. सागरी विमा असल्यास ही हमी सामान्यतः विमा कंपनी देते. नसल्यास मालकाला रोख अनामत भरावी लागते.

म्हणून प्रत्येक पेटीतील वस्तूंची मूल्यासह यादी करावी व तिच्याआधारे विमा उतरवावा. स्वतः बांधलेल्या पेटीतील मोडतोड विम्यात येते किंवा नाही, हे आधीच विचारून घ्यावे. बिल ऑफ लेडिंगची मूळ प्रत जपावी.

तरीही विम्याला मर्यादा आहेच. जानेवारी २००७ मध्ये इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर ‘एमएससी नापोली’ या वादळग्रस्त जहाजावरील कंटेनर वाहून आले आणि त्यांतील एका कुटुंबाचे घरसामान लोकांनी लुटून नेले. विमा वस्तूंचे मूल्य देतो, आठवणींचे नाही. जन्मदाखले, पदव्या, दागिने व जुनी छायाचित्रे नेहमी सोबतच न्यावीत.