जुन्या मोटारीच्या एंजिनातील बिघाडाची पारख

मोटार उभी असताना एंजिन ज्या संथ गतीने चालू राहते, त्या चालीस आयडलिंग म्हणतात. जुन्या, कार्ब्युरेटर असलेल्या मोटारींचे परिचित उदाहरण म्हणजे मुंबईतील कुर्ला येथे तयार झालेली प्रीमियर पद्मिनी होय. तिच्या टॅक्सी २०२३ पर्यंत मुंबईत धावत होत्या. तिच्या एंजिनात ४ सिलिंडर असून त्यांचे एकूण आकारमान १०८९ घन सेंटिमीटर आहे. अशी मोटार उभ्या जागी थरथरू लागली, की बहुधा प्रथम कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवला जातो. ही रीत सदोष आहे. तिने मूळ बिघाड झाकला जातो आणि पेट्रोल मात्र अधिक जळते.

एंजिनास तीन गोष्टी आवश्यक असतात : हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरात पुरेसा दाब. वजनाने १ भाग पेट्रोलास सुमारे १५ भाग हवा लागते. बिघाड केव्हा दिसतो, यावरून दोषाचे स्थान ओळखता येते.

आयडलिंगच्या वेळी थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो. एंजिनात थोडीच हवा शिरते. त्यामुळे गॅस्केटच्या फटीतून आलेली अल्प हवाही मिश्रण विरळ करते. थ्रॉटल उघडल्यावर तिचे प्रमाण नगण्य ठरते. म्हणून वेग वाढवताच थरथर थांबत असेल, तर अशी फट किंवा कचऱ्याने तुंबलेला आयडल जेट शोधावा. वेगातही एंजिन अडखळत असेल, तर ठिणगी व झडपा तपासाव्यात.

सदोष सिलिंडर ओळखण्यासाठी एंजिन बंद करून एका प्लगची तार काढावी, तिचे टोक एंजिनाच्या धातूस नीट जोडावे आणि एंजिन पुन्हा सुरू करावे. याप्रमाणे चारही सिलिंडर तपासावेत. ज्याची तार काढूनही चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करीत नाही. त्याच्या प्लगवरील कोरडी काजळी जादा पेट्रोल सुचवते, तेलकट थर झिजलेल्या पिस्टन-कड्या.

चरोदा-भिलाई परिसरात उन्हाळी तापमान ४० अंशांवर जाते. अशा वेळी बंद पडलेले एंजिन निवल्यावर सहज सुरू होत असेल, तर नळीत पेट्रोलची वाफ झाली असावी. परंतु तापलेली इग्निशन कॉइलही असेच लक्षण दाखवते. यास्तव एंजिन गरम असतानाच ठिणगी पाहावी.

ही सर्व तपासणी मोकळ्या हवेतच करावी. एंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन आणि प्राणघातक असतो. इतर दोष दूर झाल्यावर, सर्वांत शेवटी, कार्ब्युरेटरच्या स्क्रूस हात लावावा.